आधी काटा, मग पाटा

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडच्या पत्रांत पाट्यांचीच गर्दी होते. पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, लीफ स्प्रिंग. क्लच, कूलंट, बॅटरीचे प्रश्न म्हणून पुढच्या अंकावर टाकलेत आणि या वेळी फक्त पिकअपच्या मागच्या पाट्यांची पत्रं घेतलीत. पत्रं आटोपशीर केलीत, नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

दिंडोरीहून एक बागायतदार विचारतात : काका, माझी जुनी १.७ टन पासिंगची, म्हणजे तेवढा माल न्यायची परवानगी असलेली, पिकअप आहे. हंगामात टोमॅटो पिंपळगावला, एरवी भाजीपाला वाशीला. गाडी मागून डाव्या अंगाला बसलीय आणि खड्ड्यात खालून धाडकन आवाज येतो. नाशकात द्वारका चौकात तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो, एक पाटा वाढवा. दुसरा म्हणतो, मोठ्या गाडीचे जाड पाटे टाका, पुन्हा बघायला नको. तिसरा म्हणतो, आहेत त्यांनाच पुन्हा वाकवून कमान देतो, निम्म्या पैशात काम होईल. कोणाचं ऐकू?

भाऊ, तिघांनी तीन उपाय सांगितले, पण तुमच्या मागच्या चाकांवर वजन किती येतं हे एकानेही विचारलं नाही. सातपूरला गाड्यांचा कारखाना आहे म्हणून नाशकात जो तो गाडीतला जाणकार. सल्ला फुकट मिळतो आणि बिल नंतर येतं. तुम्ही पहिला खर्च वजनकाट्याच्या पावतीवर करा.

गाडी रिकामी असताना फक्त मागची चाकं काट्यावर घ्या आणि पावती ठेवा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा तसंच करा. दोन्ही वेळा काट्यावरून उतरल्यावर सपाट जागी थांबून हाउसिंगच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या आडव्या आसाच्या, वरच्या बाजूपासून चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खालच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डावीकडचं वेगळं, उजवीकडचं वेगळं. लोक जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजतात. त्यात टायरची हवा कमी असली तरी पाट्याच्या नावावर जाते. हाउसिंगपासून मोजलं की तो घोळ राहत नाही.

आता हिशेब. समजा, रिकाम्या गाडीचं मागचं वजन ८०० किलो भरलं आणि भरलेल्या गाडीचं २१०० किलो. फरक १३०० किलोचा, म्हणजे एका बाजूच्या पाट्यांवर ६५० किलो वाढले. अंतर १८० मिलिमीटर होतं ते १०५ झालं, म्हणजे पाटे ७५ मिलिमीटर दबले. ६५० भागिले ७५ केलं की एक मिलिमीटर दबायला साधारण पावणेनऊ किलो लागतात असं उत्तर येतं. हा झाला तुमच्या पाट्यांचा कडकपणा. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही काढा. कागदाच्या एका चिठ्ठीत बसणारं हे गणित आहे, आणि त्यापुढे दुकानदाराच्या बोलण्याला फारसा वाव राहत नाही.

या चिठ्ठीतून एक गोष्ट लगेच कळते. जुने पाटे मऊ होतात अशी सर्वांची समजूत असते. तसं होत नाही. पाटे तुटलेले किंवा गंजून झिजलेले नसतील तर त्यांचा कडकपणा जवळजवळ पहिल्याइतकाच राहतो. जाते ती कमान. म्हणून रिकाम्या गाडीचंच अंतर कमी भरत असेल तर कमान गेली आहे आणि मूळ मापाचे नवे पाटे हा सरळ उपाय आहे. मूळ अंतर किती होतं ते कळत नसेल तर तुमच्याच मॉडेलची कमी चाललेली एखादी गाडी गावात सापडेलच, तिचं मोजा. याउलट, रिकाम्या गाडीचं अंतर व्यवस्थित आहे, पण माल भरला की हाउसिंग वरच्या रबरी स्टॉपरवर आदळतं, तर पाटे निर्दोष आहेत. मग माल जास्त होतोय, नाहीतर तो फार मागे भरला जातोय. स्टॉपर बघा : रबर फाटलेलं किंवा चकचकीत घासलेलं असेल तर तुमचा धाडकन आवाज तिथलाच.

माल जास्त होतोय असं म्हटलं की शेतकरी रागावतात, म्हणून कॅरेटचाही हिशेब देतो. कॅरेट २० किलोचं असं आपण बोलतो, पण रिकामं कॅरेटच दीड-दोन किलो भरतं. ८० कॅरेट म्हणजे १६०० किलो टोमॅटो आणि वर सव्वाशे-दीडशे किलो नुसतं प्लास्टिक. तुमची १.७ टनाची गाडी तिथेच भरली. शेवटची रांग फाळक्याबाहेर काढून शंभर कॅरेट लावलीत की सव्वादोन टनांच्या आसपास गेलात. शिवाय हाउसिंगच्या मागे लावलेला माल पुढची चाकं हलकी करतो आणि तो भार मागच्या पाट्यांवर टाकतो. चढावर स्टेअरिंग हलकं लागतं ते यामुळे.

डावी बाजूच आधी बसते याचंही आश्चर्य वाटू देऊ नका. आपण डावीकडून चालतो, रस्ता कडेला उतरता असतो, समोरून गाडी आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरतं. दिंडोरीहून पिंपळगावला जाताना हे किती वेळा होतं ते मी काय सांगू! तरीही पाट्यांना दोष देण्याआधी खात्री करा. दोन्ही बाजूंच्या पाट्यांचा पार्ट नंबर एकच असेल तर डावे-उजवे अदलाबदल करून बघता येतात. कल उजवीकडे गेला तर पाट्यांचा दोष. कल डावीकडेच राहिला तर चॅसी, हँगर (पाटा चॅसीला अडकवायची पकड) किंवा हौद्याचे बोल्ट तपासा, नवे पाटे टाकूनही गाडी सरळ होणार नाही.

आता तुमचे तीन सल्लागार घेऊ.

पाटा वाढवणारा : एक पाटा वाढवल्याने कडकपणा वाढतो हे खरं. सात पाट्यांच्या गठ्ठ्यात त्याच जाडीचा एक वाढवला तर ढोबळमानाने सातवा हिस्सा वाढेल, पाटा आखूड असेल तर त्याहून कमी. पण तो पाटा येतो कुठून? बहुतेक वेळा भंगारातल्या ट्रकच्या पाट्यातून कापलेला असतो आणि गठ्ठ्यातल्या बाकीच्यांपेक्षा जाड असतो. इथे मेख आहे. गठ्ठा एकत्र दबतो, प्रत्येक पाट्याला सारखंच वाकावं लागतं, आणि सारखं वाकताना जाड पाट्यावर ताण जास्त पडतो. म्हणून उसना आणलेला जाड पाटाच बरेचदा आधी तुटतो, आणि मालक म्हणतो, एवढा जाडजूड कसा तुटला! शिवाय चांगल्या गठ्ठ्यात खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकवलेला असतो. गठ्ठ्याच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट आवळला की ते एकमेकांना घट्ट भिडतात आणि भार वाटून घेतात. भंगारातल्या पाट्याची कमान त्या रांगेत बसत नाही. एक तर तो नुसता पाहुणा म्हणून बसतो, नाहीतर एकटाच भार घेतो.

जाड पाटेवाला : कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरचा पाटा ९चा केला तर नुसता एक मिलिमीटर वाढला असं वाटतं, पण कडकपणा बेचाळीस टक्के वाढतो. लांबीचंही तसंच, उलट बाजूने : पाटा पाच टक्के आखूड असेल तर तो सतरा टक्के कडक होतो. अशा पाट्यांवर भरलेली गाडी ताठ दिसेल, पण वाशीहून कसारा घाट चढून रिकामे परत येताना मागची चाकं रस्त्यावर नाचतील. पावसात नाचणारं चाक ब्रेकही धरत नाही आणि वळणही धरत नाही. हौद्याचे वेल्डिंग, शॉकअपचे बोल्ट आणि हँगरचे रिव्हेट तेवढेच धक्के खातात. पाटे जो धक्का गिळत नाहीत, तो चॅसी गिळते. आणि पाटे बदलून पासिंग वाढत नाही. हाउसिंग, बेअरिंग, टायर, ब्रेक जुन्याच मापाचे राहतात. कायद्याच्या बाजूने बघायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये, वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार, आणि माल तिथेच उतरवण्याचा खर्च आहे. तिथे तुमच्या पाट्यांची जाडी कोणी विचारत नाही.

कमान देणारा : हा माझाच धंदा, म्हणून जपून लिहितो. माझे वडील आडगाव नाक्याच्या मागे थंड पाट्यांना घणाने कमान द्यायचे, मीही तेच शिकलो. थंड लोखंडाला दिलेली कमान भारी माल भरला की पुन्हा बसू लागते, आणि घणाचा प्रत्येक खळगा ही पुढच्या तड्याची जागा ठरू शकते. खरी कमान द्यायची तर पाटा साडेआठशे अंशांच्या आसपास लाल करायचा, साच्यात वाकवायचा, तेलात विझवायचा आणि नंतर पावणेपाचशे अंशांच्या जवळपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. हे तापमान नुसत्या डोळ्याने धरता येत नाही, त्याला मोजमाप असलेली भट्टी लागते. जिथे अशी भट्टी आहे तिथे द्या, उत्तम. कोळशाच्या भट्टीवर अंदाजाने दिलेलं पाणी, म्हणजे तापवून विझवणं, विळ्याला चालतं, दोन टन घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला नाही. तुमचे पाटे जुने आहेत, गंजाचे खड्डे पडले असतील. त्यावर खर्च करू नका.

म्हणजे माझं उत्तर : मूळ मापाचे नवे पाटे, दोन्ही बाजूंना, पूर्ण गठ्ठे. फक्त डावीकडे टाकलेत तर गाडी उजवीकडे झुकेल आणि तुम्ही पुन्हा द्वारकेला येरझाऱ्या घालाल. तुमचं काम जाताना भरलेलं आणि येताना रिकामं असं आहे. तुमच्या मॉडेलला कंपनीनेच हेल्पर पाट्याचा पर्याय दिला असेल तर तो घ्या. हेल्पर म्हणजे वेगळा सपाट पाटा, रिकाम्या गाडीत तो भाराबाहेर असतो आणि ठरावीक दाबानंतरच कामाला लागतो. त्यामुळे येताना गाडी मऊ चालते आणि जाताना आधार मिळतो. एकसुरी कडक पाट्यात हे जमत नाही.

दुकानात ‘पिकअपचे पाटे द्या’ असं म्हणू नका. एकाच नावाच्या गाडीला पासिंग, हौद्याची लांबी आणि सालाप्रमाणे वेगवेगळे पाटे येतात. आरसीवरचा चॅसी नंबर दाखवून पार्ट नंबर काढून घ्या, आणि जुन्या गठ्ठ्याची मापंही खिशात ठेवा : पाट्याची रुंदी, टोकाजवळ व्हर्निअरने घेतलेली जाडी, पाट्यांची संख्या, बुशच्या (पाट्याच्या टोकाला बसणाऱ्या नळीच्या) भोकाचा व्यास, आणि मेन म्हणजे सर्वांत लांब पाट्यावरून टेप वाकवून घेतलेली लांबी. ही लांबी पुढच्या बुशपासून सेंटर बोल्टपर्यंत वेगळी आणि तिथून मागच्या बुशपर्यंत वेगळी लिहा. बऱ्याच गाड्यांत हे दोन आकडे सारखे नसतात, तिथे पाटा उलटा बसला की अख्खं हाउसिंग पुढे-मागे सरकतं. कमान मोजायला दोन्ही बुशच्या मध्यातून दोरा ताणा आणि मध्यभागी दोऱ्यापासून मेन पाट्यापर्यंतचं अंतर घ्या. दुकानातल्या दोन्ही नव्या गठ्ठ्यांवर हा दोरा ताणून बघा, त्यांच्यात फरक असेल तर दुसरी जोडी मागा. पाट्यावर बनवणाऱ्याचा छाप आणि नंबर ठोकलेला हवा. नुसता काळा चकचकीत रंग हा पुरावा नाही, तो माझ्याकडेही डब्यात मिळतो. जामना ऑटो ही देशातली मोठी पाटे बनवणारी कंपनी आहे, तिचा माल नाशकात सहज मिळतो. तिचा घ्या किंवा गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला घ्या, पण पक्कं बिल घ्या.

निफाडहून एक ड्रायव्हर : मालकाच्या पिकअपचा मेन पाटा मधोमध, सेंटर बोल्टपाशी मोडला. मालक म्हणतो, फक्त मेन पाटा बदल. गावातला वेल्डर म्हणतो, जोडून देतो. काय करू?

वेल्डिंगचं आधी मिटवू : नाही. पाट्याची ताकद त्याला दिलेल्या पाण्यात आहे. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या शेजारी तो ठिसूळ होतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तिथून तुटतो. मेन पाटाच हाउसिंगला गाडीशी धरून ठेवतो. तो धावत्या गाडीत दोन्हीकडे सुटला तर मागचं चाक कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. पाट्याजवळ दुसरं काही वेल्डिंग चाललं असेल तर ओलं गोणपाट टाकून पाटे झाका, ठिणगीचा एक थेंबही नको.

मोडलेली कड बघितलीत का? तिचा काही भाग काळपट-गंजलेला आणि बाकीचा ताजा, दाणेदार असेल तर तडा बऱ्याच दिवसांपासून वाढत होता आणि शेवटचा धागा परवा तुटला. पूर्ण कड ताजी असेल तर एकाच आघाताने गेला. मधोमध मोडण्यामागे बहुतेक वेळा गठ्ठा हाउसिंगला बांधणारे यू बोल्ट ढिले असतात. यू बोल्ट घट्ट असले की पाट्यांचा मधला भाग हाउसिंगला चिकटून राहतो आणि वाकतच नाही. ते ढिले झाले की नेमका सेंटर बोल्टच्या भोकापाशी तो वाकायला लागतो, आणि तिथेच पाटा सर्वांत दुबळा आहे. म्हणून मालकाला सांगा, कारण न काढता पाटा बदलला तर तोच खर्च परत येईल.

फक्त मेन पाटा बदलायचा की नाही, हे बाकीच्या पाट्यांवर आहे. गाडी दोन-तीन वर्षांची, बाकीच्या पाट्यांना तडा नाही, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं, तर त्याच कंपनीचा, त्याच पार्ट नंबरचा मेन पाटा टाकायला हरकत नाही. गाडी जुनी असेल तर नव्या मेन पाट्याची कमान जुन्या बसलेल्या पाट्यांशी जुळत नाही. मग नवा एकटाच भार ओढतो. तिथे पूर्ण जोडीच.

बसवताना तुम्ही स्वतः उभे राहा. ड्रायव्हरच्या डोळ्यादेखत झालेलं काम वेगळं असतं. यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच हवेत, एकदा ताणलेले आटे पुन्हा तसा ताण धरत नाहीत. सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगवरच्या भोकात नीट बसलंय हे हात लावून बघा. ते कडेवर राहिलं तर यू बोल्ट आवळले जातात, काम झाल्यासारखं दिसतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा, अंतर सारखं आलं पाहिजे. यू बोल्ट समोरासमोर तिरके, थोडे थोडे करत आवळायचे, एक पूर्ण आणि मग दुसरा असं नाही. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना पक्के करू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकली, गाडीचं वजन पाट्यांवर आलं, की मग आवळायचे. जॅकवर आवळलेलं रबर त्याच जागी धरलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग कुईं कुईं आवाज येतो म्हणून पुन्हा आमच्याकडे. चार-पाचशे किलोमीटर चालली की यू बोल्ट एकदा परत आवळून घ्या. नव्या पाट्यांवरचा रंग दबतो आणि बोल्टांचा ताण उतरतो, म्हणून हे टाळायचं नाही. आवळायचं माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

आणि गठ्ठा खोलताना सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे मोठ्या शिकंज्यात धरले पाहिजेत. तसं न करता छिन्नीने बोल्ट तोडणारा कोणी दिसला तर तिथून दहा पावलं लांब व्हा. दाबलेला गठ्ठा सुटला की हाड मोडतो.

पेठहून एक ताई : आमचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. नाशिकहून सिमेंट, पत्रे आमच्याच पिकअपने आणतो. गाडी खाली बसते म्हणून यांनी कडक पाटे टाकून घेतले. गाडी आता छान उंच राहते, पण सावळ घाटात भरलेली गाडी पूर्वीसारखी चटकन थांबत नाही असं मला वाटतं. मेकॅनिकने मागच्या ब्रेकचे लायनर बदलले, फरक नाही. हे म्हणतात, मी उगाच घाबरते.

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. तुमच्या पत्रात मला लायनरपेक्षा पाट्यांचाच संशय येतो.

बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो. गाडीखाली मागच्या बाजूला बघा, चॅसीवर बसवलेला व्हॉल्व्ह आणि त्यापासून हाउसिंगपर्यंत आलेली एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग दिसेल. गाडी रिकामी असली की हाउसिंग आणि चॅसीमधलं अंतर जास्त असतं, दांडी तसं सांगते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमी देतो, नाहीतर हलकी चाकं जाम होऊन गाडी फिरेल. माल भरला की अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्ह मागे पूर्ण दाब सोडतो. म्हणजे त्या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. कडक पाट्यांनी ते अंतर भरलेल्या गाडीतही मोठंच ठेवलं. तुमच्या गाडीत ३० गोण्या सिमेंट, म्हणजे दीड टन आहे, आणि व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो आणि घाटात ते तापतात. लायनर सोन्याचे टाकले तरी फरक पडणार नाही.

सर्व्हिस सेंटरला जाऊन ‘पाटे बदललेत, व्हॉल्व्हची दांडी मापाने लावून द्या’ असं सांगा. त्याचं माप प्रत्येक मॉडेलला ठरलेलं आहे. पण ते माप मूळ पाट्यांसाठी आहे, म्हणून माझं खरं मत असं की मूळ मापाचे पाटे परत टाका. गाडी खाली बसत होती ती कमान गेल्यामुळे की गोण्या जास्त झाल्यामुळे, हे वर दिंडोरीच्या भाऊंना सांगितलेल्या रीतीने काट्यावर ठरेल. यांना सोबत घेऊन जा, पावती त्यांच्याच हातात द्या.

एक धोक्याचं सांगतो. काही मेकॅनिक ही दांडी तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब. भरलेली गाडी मग झकास थांबते, आणि रिकामी गाडी पावसात पहिल्या ब्रेकला आडवी होते. कोणी तसं सुचवलं तर तिथे गाडी ठेवू नका.

हेडलाइटही बघून घ्या. मागून उचललेल्या गाडीचा उजेड जवळच पडतो, पेठ रस्त्यावर रात्री ते परवडणार नाही.

नाशिकरोडहून एक तरुण उद्योजक : पिकअपवर मिसळीची व्हॅन केलीय. ओटा, शेगड्या, सिलिंडर, पाण्याचं पिंप असं वजन कायमचं गाडीवर आहे. वर्षभरात मागून डावीकडे कललीय. जास्त पाट्यांचा गठ्ठा टाकू का?

तुमचा प्रश्न बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, कारण तुमची गाडी कधी रिकामी होतच नाही. त्यामुळे रिकाम्या गाडीच्या मऊपणाची काळजी करायची गरज नाही आणि हेल्परचा तुम्हाला विशेष उपयोग नाही. तुमच्या कायमच्या वजनाला पाटे जवळपास सरळ आले पाहिजेत आणि स्टॉपरपर्यंत निदान तीन-चार बोटं जागा उरली पाहिजे. काट्यावर एकूण वजन बघा. ते आरसीवरच्या कमाल वजनाच्या आत असेल तर मूळ गठ्ठ्यांची नवी जोडी पुरेल.

पण पाटे घेण्याआधी सामान हलवा. गिऱ्हाईक फुटपाथच्या बाजूने येतं, म्हणून तुम्ही ओटा, शेगड्या आणि बहुतेक सिलिंडरही डावीकडेच लावले असणार. २०० लिटरचं पिंप म्हणजे २०० किलो. ते आणि सिलिंडर उजवीकडे नेले की निम्मा कल जाईल. तेवढ्याने न भागलं तर पाटे. डावीकडे एक पाटा जास्त टाकून गाडी सरळ करायचा मोह होईल, तो आवरा. वळणावर दोन बाजू दोन तऱ्हेने वागतील, आणि तर्रीचं पातेलं कुठे जाईल ते तुम्हीच बघा. व्हॅनचा बदल आरटीओत नोंदवला नसेल तर तोही नोंदवून घ्या. कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि विमा कंपनीही दावा आला की आधी हेच काढते.

अंबडहून एक जण : मागून उंच दिसावी म्हणून लांब शॅकल टाकले तर? आणि पॅराबोलिक पाटे चांगले का?

शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी हलती कडी. लांब शॅकलने गाडी शॅकल वाढेल त्याच्या निम्मीच उचलली जाते. दोन इंच उंचीसाठी शॅकल चार इंचांनी लांब करावं लागेल, ते आडवं हलायला लागेल, हाउसिंगचं तोंड फिरेल आणि प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, कोन बिघडल्याने खडखडतील. दिसण्यासाठी एवढं? नको.

पॅराबोलिक मात्र चांगली चीज आहे. पाटे दोन-तीनच, मधे जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेले, एकमेकांवर न घासणारे. वजन कमी आणि चाल मऊ. पण जुन्या गठ्ठ्यात घासल्यामुळे झटके जिरतात, ते इथे होत नाही, म्हणून शॉकअप ठणठणीत हवेत. आणि तीनातला एक तुटला तर तिसरा हिस्सा गेला. तुमच्या गाडीला कंपनीने दिले असतील तर त्याच नंबरचे टाका. साध्या गठ्ठ्यात एक पॅराबोलिक किंवा पॅराबोलिकमध्ये एक साधा, असली खिचडी करू नका.

ओझरहून एक वाचक : सर्व्हिसिंगला प्रत्येक वेळी पाट्यांवर डिझेल-ऑइलचा फवारा मारून घेतो. पाट्यांचं आयुष्य वाढतं ना?

आवाज थांबतो, आयुष्य वाढत नाही. तेलावर धूळ बसते आणि तीच पाट्यांमध्ये घासते. रबरी बुशला तर डिझेल लागताच कामा नये, रबर फुगतं आणि गळून जातं. पाण्याने चिखल धुवा, वाळू द्या. फारच करकर होत असेल तर वर्षातून एकदा गठ्ठा खोलून पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून घ्या आणि त्याच वेळी प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासून तडा आहे का ते बघा. ज्या गाड्यांना धातूचे बुश आणि ग्रीसचे निपल आहेत, तिथे ग्रीस न चुकता भरा. रबरी बुशला निपल नसतं, तिथे ग्रीसगन घेऊन जाऊ नका.